डिझेलमध्ये काय घालावे, आणि त्याआधी काय काढावे

प्रश्न : आमचा ट्रॅक्टर पस्तीस वर्षांपूर्वीचा, तीन सिलेंडरचा, साध्या यांत्रिक डिझेल पंपाचा आहे आणि शेतातली सगळी कामे अजून त्यावरच चालतात. अलीकडे सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, ओझ्यावर काळा धूर येतो आणि तासाभराच्या कामानंतर कधी कधी तो दम सोडतो. एका मिस्त्रींच्या मते आताचे डिझेल ‘कोरडे’ झाले आहे, म्हणून त्यात टू-स्ट्रोक ऑइल घालावे. दुसऱ्या एकाने रॉकेल सुचवले, तर तिसऱ्याने टाकी साफ करणारी आणि ताकद वाढवणारी अ‍ॅडिटिव्हची बाटली आणून दिली आहे. नेमके काय घालावे आणि किती? शिवाय आम्ही दोनशे लिटरच्या पिंपात डिझेल साठवतो, ते किती दिवस टिकते?
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी एकही बहुधा बाटलीने जाणारी नाही, हे आधीच सांगतो. मिस्त्रींचे ‘कोरड्या डिझेल’चे म्हणणे मात्र उडवून लावण्यासारखे नाही, आणि जुन्या ट्रॅक्टरसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा अ‍ॅडिटिव्हचा जन्म याच शंकेतून झालेला असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

तुमचा ट्रॅक्टर तयार झाला त्या काळी डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण हजारो पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असे. धुराचे नियम कडक होत गेले तसे ते खाली आले. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरच्या वाहनांच्या डिझेलला १५ पीपीएमची मर्यादा लागू झाली, युरोपात २००९ पासून ती १० पीपीएम आहे आणि भारतातही एप्रिल २०२० पासून १० पीपीएमचेच डिझेल मिळते. गंधक स्वतः काही वंगण नव्हे. परंतु ते काढण्यासाठी तेलशुद्धीकरणात हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात, तीत डिझेलला नैसर्गिकरीत्या वंगणाचा गुण देणारी, ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेली काही संयुगेही निघून जातात. म्हणजे मिस्त्रींचा ‘कोरडे’ हा शब्द चुकीचा नाही. त्यांच्या बोलण्यात सुटलेली गोष्ट एवढीच, की हा गुण कमी होतो हे शुद्धीकरण कारखान्यांनाही ठाऊक असते, आणि म्हणून डिझेल विक्रीला जाण्यापूर्वीच त्यात वंगणगुण वाढवणारे द्रव्य मिसळले जाते. त्याची चाचणीही ठरलेली आहे : ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी पोलादी चकतीवर ७५ मिनिटे घासतात आणि गोळीवर पडलेल्या झिजेच्या खुणेची रुंदी मोजतात. ही खूण युरोपीय मानकाप्रमाणे ४६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि अमेरिकी मानकाप्रमाणे ५२० मायक्रॉनच्या पुढे जाता कामा नये. खात्रीच्या ठिकाणी घेतलेले, भेसळ नसलेले डिझेल या कसोटीतून उतरलेले असते.

तरीही वरून काही घालावे का, याचे उत्तर तुमच्या ट्रॅक्टरचा पंप कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्हाला स्वतः पाहता येईल. नोझलकडे, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडे, जाणारे तिन्ही पाइप पंपातून एका सरळ ओळीत वर निघत असतील तर तो इनलाइन पंप. पंपाच्या गोल डोक्यातून ते वर्तुळात निघत असतील तर तो रोटरी पंप. इनलाइन पंपातील कॅम आणि टॅपेट इंजिन ऑइलमध्ये, अथवा पंपाच्या स्वतःच्या ऑइलमध्ये फिरतात, त्यामुळे डिझेलवर अवलंबून राहतात ते केवळ प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या), बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) आणि त्यांच्या वरचे व्हॉल्व्ह. रोटरी पंपाला दुसरे वंगणच नसते. त्याचा रोटर, त्याची पाती, त्याचे रोलर हे सगळे डिझेलमध्येच भिजून फिरतात, आणि कमी वंगणगुणाचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल तोच आधी भोगतो. तेव्हा इनलाइन पंप असेल तर वंगणाच्या काळजीने काही घालण्याची गरज मला वाटत नाही. रोटरी असेल, आणि विशेषतः डिझेलच्या दर्जाची नेहमी खात्री देता येत नसेल, तर घातलेले वाया जाणार नाही.

घालायचेच असेल तर काय? माझी पहिली पसंती वंगणगुण वाढवण्यासाठीच बनवलेल्या, मात्रा स्पष्ट छापलेल्या अ‍ॅडिटिव्हला आहे, तेही छापील मात्रेपेक्षा थेंबभरही जास्त न घालता. मानकाप्रमाणे तयार केलेले बायोडिझेल शेकडा १ ते २ या प्रमाणात मिसळले तरी तेच काम उत्तम होते. ६० लिटरच्या टाकीला म्हणजे फार तर सव्वा लिटर. यात एक मेख आहे : अनेक ठिकाणी विक्रीच्या डिझेलमध्येच बायोडिझेल मिसळलेले असते, युरोपीय मानक तर शेकडा ७ पर्यंत मुभा देते, आणि तसे डिझेल मिळत असेल तर वंगणाचा प्रश्न तिथेच संपतो. जुन्या यंत्राच्या बाबतीत बायोडिझेलची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. शेकडा १-२ चालते. २०-३० झाले की नैसर्गिक आणि नायट्राइल रबराच्या जुन्या नळ्या व सील फुगतात, मऊ पडतात, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो.

टू-स्ट्रोक ऑइलबद्दल माझे मत थोडे मवाळ आहे. दोनशेला एक, म्हणजे ६० लिटरला ३०० मिलिलिटर, हे बोलण्यातले प्रचलित प्रमाण आहे आणि एवढ्याने जुन्या यांत्रिक इंजिनाचे नुकसान होण्याचा संभव कमी आहे. पण ते ऑइल पेट्रोल इंजिनासाठी बनवलेले असते, वंगणगुण किती वाढेल हे ब्रँडगणिक बदलते, आणि राख सोडणारे असेल तर ती राख नोझलच्या टोकाशी व व्हॉल्व्हवर साचते. मिस्त्रींचा मान राखायचाच असेल तर होडीच्या इंजिनासाठी मिळणारे, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे बिनराखेचे ऑइल घ्यावे. मात्र त्याच भावनेने कोणी इंजिनातून काढलेले जुने ऑइल गाळून घालायला सांगितले तर ते कदापि ऐकू नये. प्लंजर आणि बॅरल यांच्यातील मोकळीक मायक्रॉनमध्ये मोजतात, ती दोन-तीन मायक्रॉनची असते, आणि काजळी व धातूचा कीस भरलेले ते ऑइल कापडातून गाळल्याने त्या मोकळिकीच्या लायकीचे होत नाही.

रॉकेलचा सल्ला मात्र सरळ नाकारावा. ४० अंशांना डिझेलचा दाटपणा साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, तर रॉकेलचा १ ते २. पातळ इंधन झिजलेल्या प्लंजरच्या कडेने निसटते, नोझलपर्यंत कमी पोहोचते, आणि इंजिन तापल्यावर पुन्हा चालू करणे अधिकच अवघड होते. रॉकेलचा वंगणगुणही डिझेलपेक्षा कमी असतो, म्हणजे ज्या कोरडेपणावर तुम्ही औषध शोधत आहात तोच वाढतो. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर बंद होतो, तेव्हा काही थंड प्रदेशांत ते नाइलाजाने मिसळतात. तुमच्या तक्रारींचा त्याच्याशी संबंध नाही. पेट्रोल मिसळण्याचा विचारही कोणी काढू नये, कारण त्याची वाफ टाकीत साचून आग लागण्याचा धोका आहे.

तिसऱ्या सद्गृहस्थांच्या बाटलीवर ‘ताकद वाढवते’ असे छापलेले असेल तर आत बहुधा सीटेन वाढवणारे रसायन असेल. सीटेन अंक म्हणजे फवारलेले डिझेल गरम दाबलेल्या हवेत किती लवकर पेट घेते याचे माप. युरोपीय मानकात तो किमान ५१ आणि अमेरिकी मानकात ४० आहे, आणि मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या जुन्या इंजिनांची आखणीच कमी सीटेनचे डिझेल गृहीत धरून झालेली होती. अंक वाढवल्याने थंडीत सुरू होणे किंचित सोपे होते आणि ठोक्याचा आवाज थोडा मऊ येतो. अश्वशक्ती वाढत नाही. जाता जाता, डिझेलमध्ये डांबरगोळ्या टाकल्याने ताकद येते असेही काही जण सांगतात. सीटेन मोजण्याच्या मूळ पद्धतीत ज्या द्रव्याला शून्य अंक दिला गेला ते मिथाइल नॅफ्थलीन होते, आणि डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्याच करतात, यावरून त्या सल्ल्याची किंमत कळावी.

त्याच बाटलीतील ‘टाकी साफ करणारा’ भाग अधिक जपून हाताळावा. पस्तीस वर्षांच्या पत्र्याच्या टाकीत गंज, गाळ आणि राळेसारखा थर असणारच. डिटर्जंट तो सोडवतो, आणि सुटलेला माल बाहेर जात नाही, फिल्टरमध्ये जातो. भर कामात ट्रॅक्टर बंद पडतो आणि दोष नव्या डिझेलला लागतो. शिवाय पाण्यावरचे उपाय म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत दोन परस्परविरोधी जाती आहेत : एक पाण्याला डिझेलपासून वेगळे करून तळाशी बसवते, दुसरी त्याचे बारीक थेंब करून डिझेलमध्येच मिसळवून टाकते. तुमच्या ट्रॅक्टरवरची काचेची वाटी आणि फिल्टरचा तळ हे पाणी खाली बसते या एकाच तत्त्वावर चालतात. दुसऱ्या जातीची बाटली ते तत्त्वच मोडते आणि पाणी थेट पंपापर्यंत पोहोचवते. अल्कोहोल असलेली बाटली तर वंगणगुणही कमी करते. बाटलीवर यांपैकी काहीच लिहिलेले नसेल तर ती न वापरणेच बरे.

आता मूळ दुखण्याकडे वळू. काहीही घालण्याआधी टाकीच्या तळातून आणि फिल्टरच्या ड्रेन स्क्रूतून थोडे डिझेल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढा आणि रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी उतरवून धुण्याशिवाय पर्याय नाही. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत जाळी दिसली तर ती बुरशी व जीवाणूंची वाढ आहे. ती पाण्यावाचून जगत नाही, म्हणून आधी पाणी काढायचे, टाकी धुवायची आणि मगच एकदा डिझेलसाठीचे जंतुनाशक वापरायचे. पाणी तसेच ठेवून नुसते जंतुनाशक ओतले तर मेलेला सगळा पसारा फिल्टरमध्ये येतो. टाकीत पाणी शिरते ते बव्हंशी दमट हवेतून : अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते आणि आतल्या हवेतील बाष्प पत्र्यावर जमते. दिवसाचे काम संपल्यावर, सकाळी नव्हे, टाकी भरून ठेवण्याची सवय हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तासाभराने दम सोडण्याबद्दल : पुढच्या वेळी तसे झाले की टाकीचे झाकण सैल करून पाहा. आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि ट्रॅक्टर पुन्हा नीट ओढू लागला तर झाकणातील श्वासछिद्र बुजले आहे. ते साफ करायला तार पुरते. झाकणाने फरक पडला नाही, पण दहा मिनिटे बंद ठेवल्यावर तो पुन्हा ठीक चालला, तर टाकीच्या तोटीच्या जाळीवर कचरा ओढला जातो आणि थांबल्यावर खाली पडतो असे समजावे. फिल्टर शेवटी कधी बदलला हे आठवत नसेल तर तो याच वेळी बदलावा. कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा घालण्याची काटकसर अनेक जण करतात, पण धुतल्याने आतला बारीक मळ निघत नाही आणि ओला कागद फाटला तर सगळा कचरा पंपात जातो, ज्याच्या दुरुस्तीपुढे फिल्टरची किंमत काहीच नाही.

सकाळच्या त्रासाची तपासणी धुरावरून सुरू करा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काहीच धूर येत नसेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोहोचतच नाही. रात्रीतून कुठल्या तरी सैल जोडातून हवा शिरते आणि लाइनमधले डिझेल टाकीकडे परत उतरते. याबाबत नव्या डिझेलवरचा एक आरोप खरा आहे : गंधक काढताना डिझेलमधील अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात, आणि वर्षानुवर्षे त्यांत फुगून घट्ट बसलेले जुने रबरी सील आकसून गळू लागतात. त्यावरही उपाय बाटली नाही. सील, रबरी नळ्या आणि तांब्याचे वॉशर एकदाच बदलून टाकावेत, शक्य तर जिथे मिळतील तिथे वायटनचे, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे. मग हवा काढावी : आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहावे, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा, नंतर पंपावरचा, आणि गरज पडली तरच नोझलकडच्या पाइपांचे नट. या शेवटच्या टप्प्यात हात आणि डोळे दूर ठेवावेत, कारण तिथला दाब २०० बारच्या आसपास असू शकतो, इतक्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. अशा वेळी बॅटरी, सेल्फचा वेग, पंपाचे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरमधील हवेचा दाब) या क्रमाने पाहावे. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाला कोणतेही अ‍ॅडिटिव्ह पेटवू शकत नाही. ईथरचा फवारा मारून चालू करण्याची सवय लावू नये. त्याचा अवेळी होणारा भडका रिंगा तोडतो, आणि हीटर असलेल्या इंजिनात तर तो मुळीच वापरू नये.

ओझ्यावरचा काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, अथवा डिझेल नीट न फवारता थेंबाथेंबाने पडणे. म्हणून प्रथम एअर क्लीनर उघडा. जुन्या ट्रॅक्टरवर तो बहुधा ऑइलच्या वाटीचा असतो. वाटीतले ऑइल चिखलासारखे झाले असेल तर ते बदला, जाळी धुवा, आणि ऑइल खुणेपेक्षा जास्त भरू नका. त्यानंतरही धूर राहिला तर तिन्ही नोझल उतरवून पंप-नोझलच्या कारागिराकडून टेस्टरवर तपासून घ्या. तिथे फवारा किती बारीक आहे, उघडण्याचा दाब कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे आहे का आणि टोकाशी थेंब लोंबतो का, हे तुमच्या डोळ्यांसमोर दिसते. ताकद वाढावी म्हणून कोणी पंपाचा सील तोडून डिझेल वाढवलेले असेल, तर धुराचे कारण तेच असण्याचा संभव मोठा आहे आणि ते पूर्ववत करून घ्यावे.

आणखी एक पाहणी तुम्ही विचारलेली नाही, पण ती या सगळ्यांहून तातडीची आहे. डिपस्टिक काढून इंजिन ऑइलची पातळी पाहा. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा डायफ्राम फाटला आहे किंवा पंपातून डिझेल खाली झिरपते आहे. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगे फार काळ टिकत नाहीत. दोष निघेपर्यंत आणि ऑइल बदलेपर्यंत ट्रॅक्टर चालवू नये.

पिंपाबद्दल : स्वच्छ, बंद आणि सावलीतल्या पिंपात शुद्ध डिझेल सहा महिने ते वर्षभर चांगले राहते. बायोडिझेल मिसळलेले असेल तर सहा महिन्यांच्या आत संपवावे. पिंप उघड्यावर उभे ठेवू नये, कारण वरच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री आतली हवा आकसली की बुचाच्या कडेने ते आत ओढले जाते. ते घडवंचीवर आडवे, तोटीच्या विरुद्ध बाजूला किंचित उतार देऊन ठेवावे, म्हणजे पाणी व गाळ मागे राहतो. भरल्यानंतर एक दिवस ते हलवू नये आणि तळातला शेवटचा भाग ट्रॅक्टरला घालू नये. जस्ताचा मुलामा असलेले पिंप, बादली किंवा नरसाळे डिझेलसाठी वापरू नये, कारण जस्त डिझेलमधील आम्लांशी मिळून साबणासारखा गाळ तयार करते आणि तो नोझलमध्ये अडकतो. तांबे व पितळही डिझेल लवकर खराब करतात, तेव्हा साठवणीच्या तोट्या लोखंडाच्या असाव्यात. तळाचे उरलेले, गढूळ किंवा आंबूस वासाचे डिझेल सुटे भाग धुण्यासाठी वेगळ्या डब्यात काढावे आणि त्या डब्यावर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवावे, म्हणजे घाईत ते कोणी टाकीत ओतणार नाही.